मला बघवत नाही

(पडद्यावर : वाळलेलं गवत, विटांच्या पडक्या भिंती, मागे समुद्राची रेघ.)

ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रेवेझा नावाचं बंदर आहे. तिथून थोडं उत्तरेला गेलं की या भिंती लागतात. हे निकोपोलिस. इ.स.पू. 31 मध्ये इथून जवळच, ॲक्टियमच्या समुद्रात, पुढे रोमचा सम्राट झालेल्या ऑक्टेव्हियननं अँटनी आणि क्लिओपात्राचं आरमार हरवलं आणि त्या विजयाची खूण म्हणून हे शहर वसवलं. नावाचा अर्थच विजयाचं नगर.

पुढे इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात एका लंगड्या मास्तरांची शाळा होती. एक दिवस तिथे एक सरकारी अधिकारी आला. मास्तरांनी सहज चौकशी केली.

"लग्न झालंय? मुलंबाळं?"

"आहेत."

"मग कसं चाललंय?"

"हाल आहेत."

"हाल? हाल व्हावेत म्हणून कुणी लग्न करत नाही."

मग त्या माणसानं मनातलं सांगितलं. मागे त्याची लहान मुलगी खूप आजारी पडली होती, जिवावर बेतलं होतं. त्याला तिच्याजवळ बसवेना. तो घरातून निघून गेला, आणि ती बरी झाल्याचा निरोप आल्यावरच परतला.

मास्तरांनी त्याला झापलं नाही आणि थोपटलंही नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही केलंत ते बरोबर होतं असं वाटतं?"

तो म्हणाला, "स्वाभाविक होतं. बापाचं काळीज आहे."

(पडद्यावर : रुग्णालयाचा लांब व्हरांडा. रात्र. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, एक रिकामी.)

असा एक माणूस आपल्याही घरात असतो. काकांना दवाखान्यात ठेवलंय, सगळे आळीपाळीनं जाऊन बसतात, आणि एक जण येत नाही. का? "मला बघवत नाही." आपण ते ऐकतो आणि गप्प होतो, कारण त्यात प्रेम दिसतं. बहुतेक वेळा ते खरंच असतं.

पण या तीन शब्दांकडे जरा बघा. "मी बघत नाही" म्हटलं तर तो माझा निर्णय झाला. "मला बघवत नाही" म्हटलं की निर्णय कुणाचाच उरत नाही. ताप, पाऊस, भूकंप यांसारखं ते आपल्यावर येऊन आदळतं. आपल्या भाषेनं ही सोय करून दिली आहे, आणि ती आपल्याला प्रिय आहे. निकोपोलिसच्या त्या मास्तरांनी आयुष्यभर एकच काम केलं. अशा वाक्यांत हरवलेला "मी" शोधून माणसाच्या हातात परत ठेवला.

त्यांचं नाव एपिक्टेटस. हे धड नावही नाही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ "मिळवलेला", म्हणजे बाजारातून आणलेल्या वस्तूला म्हणावं तसं. जन्म इ.स. 50 च्या आसपासचा, हिएरापोलिस शहरातला. आज ते तुर्कस्तानात, पामुक्कालेला आहे. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांनी डोंगरउतारावर चुन्याच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या घडवल्या आहेत आणि त्या बघायला जगभरातून लोक येतात. हा मुलगा मात्र गुलाम म्हणून रोमला पोचला. मालक होता एपाफ्रोडिटस, जो स्वतः एके काळी गुलाम होता आणि नंतर सम्राट नीरोचा सचिव झाला.

पायाबद्दल एक गोष्ट सांगतात. मालक पाय पिरगाळत होता आणि हा शांतपणे म्हणाला, "मोडेल." मोडला, तेव्हा म्हणाला, "सांगितलं होतं ना?" दुसऱ्या एका जुन्या नोंदीत मात्र साधं दुखण्याचं कारण दिलं आहे. लोकांना पहिली गोष्ट आवडते. मला ती या माणसावर अन्याय करणारी वाटते. दगड झालेल्या माणसाकडे कुणी आपल्या मुलीच्या आजारपणाची गोष्ट घेऊन जात नाही.

(पडद्यावर : अथेन्सच्या जुन्या बाजारचौकातलं उत्खनन.)

गुलाम असतानाच त्यांना मुसोनियस रूफस या शिक्षकाकडे शिकायला मिळालं. ते जे शिकले त्याची सुरुवात अथेन्समध्ये, इ.स.पू. 300 च्या सुमारास झाली होती. सायप्रसचा झेनो नावाचा व्यापारी जहाज फुटून अथेन्सला आला आणि तिथेच रमला. बाजारचौकाच्या कडेला चित्रांनी सजवलेली एक लांब ओसरी होती, तिथे तो शिकवायला लागला. ग्रीक भाषेत अशा ओसरीला "स्तोआ" म्हणतात, म्हणून हे लोक स्टोइक. राजवाड्याच्या किंवा मठाच्या नावावरून नव्हे, भर बाजारातल्या ओसरीवरून एका तत्त्वज्ञानाचं नाव पडलं. त्या वर्दळीत जे टिकेल तेच शिकवायचं होतं.

पुढे एपिक्टेटस गुलामीतून सुटले आणि रोममध्ये शिकवू लागले. सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हाकलून लावलं, तेव्हा ते निकोपोलिसला आले आणि इथेच शाळा काढली. स्वतः त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही. वर्गात ॲरियन नावाचा तरुण बसायचा, तो मास्तर बोलतील तसं टिपून ठेवायचा. हा ॲरियन आपल्याला वेगळ्या कारणानं माहीत आहे. अलेक्झांडरच्या स्वारीचा आणि पोरसाशी झालेल्या लढाईचा भरवशाचा वृत्तान्त म्हणून इतिहासकार ज्याचा हात धरतात, तो हाच. तरुणपणी काढलेल्या त्याच्या टिपणांचे चार भाग आज शिल्लक आहेत, आणि त्यांतून निवडून केलेली एक छोटी पुस्तिका. त्या अधिकाऱ्याची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती या टिपणांतून.

तर पुन्हा त्या वर्गात.

"मुलीच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आहेच."

"मग तिनंही निघून जायला हवं होतं का?"

"नाही."

"दाईचं?"

"आहे."

"मग तिनंही जायला हवं होतं? म्हणजे तुम्हा सगळ्यांचं एवढं प्रेम, की मुलगी एकटी पडावी? ज्यांना तिची पर्वा नाही अशांच्या हातात तिनं प्राण सोडावा?"

अधिकारी गप्प.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर? घरच्यांनी असंच प्रेम करावं, तुम्हाला एकटं टाकून? मग शत्रूंनीच तुमच्यावर प्रेम करावं म्हणून तुम्ही प्रार्थना कराल. निदान ते तरी लांब राहतील."

हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मास्तर पुढे विचारतात, तुम्हाला घराबाहेर कशानं काढलं? मुलीच्या आजारानं? तोच आजार आईच्या समोर होता, दाईच्या समोर होता. त्या थांबल्या. मग तुम्हाला बाहेर काढणारं काहीतरी वेगळं होतं. "मला हे सोसणार नाही, इथून गेलेलं बरं," हे तुमच्या मनानं मान्य केलं आणि पाय चालू लागले.

छोट्या पुस्तिकेत हाच विचार एका वाक्यात आला आहे. माणसाला अस्वस्थ करतात त्या घटना नव्हेत, घटनांबद्दलची त्याची मतं.

(पडद्यावर : अंधारात उजळलेला मोबाइल. संदेशाखाली दोन निळ्या खुणा.)

रात्री साडेअकराला तुम्ही कुणाला तरी संदेश पाठवलाय. खुणा निळ्या झाल्यात. उत्तर नाही. समोर घडलंय ते एवढंच. पण पाच मिनिटांत मनात अख्खं नाटक उभं राहतं. रागावली असेल. मी परवा जे बोललो ते लागलं असेल. आता सगळं संपलं. झोप उडते, आणि आपण म्हणतो, तिनं झोप उडवली.

मनात अचानक उभ्या राहणाऱ्या अशा चित्राला ग्रीक शब्द आहे "फँटासिया". एपिक्टेटस विद्यार्थ्यांना सांगत, चित्र आलं की त्याला दारातच थांबवा. म्हणा, "जरा थांब. तू कोण, कशाबद्दल आलंस, बघू दे. तुला पारखून घेऊ दे." चित्र येऊच नये असं ते कधी म्हणत नाहीत. ते येणारच. त्याला घरात घेऊन पाट मांडायचा का, एवढंच आपल्याकडे आहे.

पुस्तिकेची सुरुवातच या वाटणीनं होते. आपलं मत, आपली इच्छा, आपला नकार, कशाकडे धावायचं ते, या गोष्टी आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, लोकांत असलेलं नाव, पद या नाहीत. आज समाजमाध्यमांवर हीच वाटणी पन्नास शब्दांच्या चौकटीत फिरते आणि तिच्याखाली लिहिलेलं असतं, भावना आवरा, कणखर व्हा. ते वाचून मला वाईट वाटतं. त्या बापाला मास्तरांनी "प्रेम कमी करा" असं सांगितलं नव्हतं. प्रेम असेल तर जाऊन तिच्या उशाशी बसा, असं सांगितलं होतं.

त्या पुस्तिकेत बोचणारी वाक्यंही आहेत. मुलाचा पापा घेताना मनात म्हणा, हे मर्त्य आहे. कुठल्या आईला हे ऐकवेल? मी या वाक्याशी बरेच दिवस भांडले, आणि अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही. पण हे सांगणाऱ्या माणसानं म्हातारपणी काय केलं, तेही त्या पुस्तिकेच्या एका जुन्या भाष्यकारानं लिहून ठेवलं आहे. एका मित्राचं मूल गरिबीमुळे टाकून दिलं जाणार होतं. एकट्या राहणाऱ्या एपिक्टेटसनी ते घरी आणलं आणि सांभाळायला एक बाई ठेवली. मर्त्य आहे हे माहीत असलेलं मूल त्यांनी उचलून आणलं. त्यानंतर ते वाक्य मला थोडं वेगळं ऐकू येतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. हे तत्त्वज्ञान स्वतःला सांगायचं आहे. मार खाणाऱ्या बाईला, पगार थकलेल्या कामगाराला दुसऱ्यानं जाऊन "दुःख तुझ्या मतात आहे" म्हणणं हा त्याचा गैरवापर झाला. कुणी रडत असेल तर त्याच्याशी सहानुभूतीनं बोला, वेळ पडली तर त्याच्याबरोबर उसासाही टाका, असं त्याच पुस्तिकेत लिहिलं आहे. आणि स्वतः गुलाम राहिलेल्या या माणसानं गुलामगिरीची पद्धतच मोडून काढा असं शिल्लक टिपणांत कुठेही म्हटलेलं नाही, ही त्याची मर्यादाही मानायला हवी.

(पडद्यावर : जुनं कृष्णधवल चित्रण, विमानवाहू जहाज.)

9 सप्टेंबर 1965. उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेच्या नौदलाचं एक विमान पाडलं गेलं. वैमानिक जेम्स स्टॉकडेल हवाई छत्रीनं खाली येत होता. काही वर्षांपूर्वी स्टॅनफर्डमध्ये शिकताना एका प्राध्यापकानं त्याला ती छोटी पुस्तिका भेट दिली होती. खाली उतरता उतरता तो स्वतःशी म्हणाला की आता तंत्रज्ञानाचं जग सोडून मी एपिक्टेटसच्या जगात चाललोय. पुढची साडेसात वर्षं तो कैदेत होता, बहुतेक काळ हनोईच्या होआ लो तुरुंगात. त्यांतली चार वर्षं एकांतात. पाय मोडला तो कायमचा अधू झाला. मास्तरांसारखाच.

ते युद्ध न्याय्य होतं का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. पण कोठडीतल्या माणसाच्या हातात काय उरतं, ते त्यानं नंतर नेमकं लिहिलं. छळापुढे सगळेच कधी ना कधी मोडतात. मोडल्यावर माणूस स्वतःच्याच शरमेनं एकटा पडतो, आणि ते जास्त घातक. म्हणून कैदी भिंतीवर टकटक करून एकमेकांशी बोलत. पाच आडव्या, पाच उभ्या घरांत अक्षरं बसवलेली, आधी ओळीचे ठोके, मग घराचे. काय कबूल करावं लागलं ते शेजारच्या कोठडीला खरं सांगायचं. भिंत त्यांच्या हातात नव्हती, पण टकटक होती.

(पडद्यावर : न्यूयॉर्क. बागेतला लाकडी बाक.)

त्याआधी तीसेक वर्षं न्यूयॉर्कमध्ये 19 वर्षांचा एक मुलगा मुलींशी बोलायला घाबरायचा. त्यानं ठरवलं, बागेत बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी जाऊन बोलायचंच. महिन्याभरात शंभरेक जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. पण भीती गेली, कारण नकारानं काहीच कोसळलं नव्हतं. हा पुढे मानसशास्त्रज्ञ झालेला अल्बर्ट एलिस. 1955 मध्ये त्यानं स्वतःची उपचारपद्धती मांडली. ए म्हणजे घटना, बी म्हणजे तिच्याबद्दलची धारणा, सी म्हणजे मनावर होणारा परिणाम. आपण म्हणतो, ए मुळे सी झालं. एलिस म्हणायचा, मधलं बी बघा. हे कुठून आलं ते त्यानं लपवलं नाही, एपिक्टेटसचं नाव तो घेत राहिला. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीही 1979 मध्ये लिहिलं की आपल्या उपचारपद्धतीची तात्त्विक मुळं स्टोइकांपर्यंत जातात.

मराठीत हा धागा मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी आणला. एलिसशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठी वाचकांना समजावून सांगितली. "असं झालंच पाहिजे", "त्यानं माझ्याशी नीट वागलंच पाहिजे", यातला "च" पकडायला शिकलेला माणूस महाराष्ट्रात भेटला तर त्याला माहीत असो वा नसो, तो निकोपोलिसच्या वर्गातून आलेला असतो.

(पडद्यावर : पुन्हा पडक्या भिंती. संध्याकाळ.)

त्या दिवशी शेवटी मास्तरांनी अधिकाऱ्याला सांगितलं की यापुढे काही बिघडलं तर दोष गुलामाला, शेजाऱ्याला, बायकोला किंवा मुलांना देऊ नका. आधी स्वतःचं मत तपासा. "म्हणजे तुम्हाला विद्यार्थी व्हावं लागेल. सगळे ज्याला हसतात तो प्राणी."

आणि मग म्हणाले, "हे एका तासाचं किंवा एका दिवसाचं काम नाही, हे तुम्हालाही कळतंय."

ॲरियनचं त्या दिवसाचं टिपण इथे संपतं.