फौजीचं पोट

(पहाट. येळ्ळूरचा रस्ता. धुक्यात पळणारी पोरं, मागे राजहंसगड.)

येळ्ळूर, कडोली, उचगाव, पलीकडं खानापूरची गावं. कुणीतरी फौजेत आहे, होतं किंवा जाणार आहे, अशी घरं इथं शोधावी लागत नाहीत. 1768 पासूनचा वारसा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच आहे.

भरतीला छाती फुगवून मोजतात. गुडघे एकमेकांना लागतात का, तळवे सपाट आहेत का, सगळं बघतात. पोटात काय आहे, ते मात्र जो तो आपल्यासोबत घेऊन जातो. म्हणून सैनिकांच्या पोटातला एक जंतूही तपासावा, असं एक म्हणणं आहे.

(स्वयंपाकघर. चूल, तव्यावर भाकरी.)

पोटात बऱ्याचदा एक जुना भाडेकरू असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी. मळसूत्रासारखा पिळदार जंतू, जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या जठरात ठाण मांडून बसलेला. तो शिरतो बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून. तेव्हा उगाच फौजेतल्या लंगरच्या जेवणाला बोल लावू नये.

जठरातल्या आम्लात जंतू टिकणारच नाही, अशी डॉक्टरांची समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ती मोडली. लोक ऐकेनात, तेव्हा 1984 साली मार्शल हे जंतू स्वतःच प्यायले. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू, जठराला सूज. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. त्याआधीच, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या जंतूला कर्करोगाच्या पक्क्या कारणांत बसवलं होतं. तंबाखूच्याच पंगतीत. ती पंगत कसली, हे तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीत वेगळं सांगायला नको.

घाबरून मात्र जाऊ नका. जंतू असलेल्या शंभरातल्या एक ते तीन जणांनाच पुढं जठराचा कर्करोग होतो.

(दवाखाना. एक माणूस पिशवीत फुंकर मारतो.)

तपासणी साधी आहे. उपाशीपोटी युरिया घ्यायचा, त्यातला कार्बन खूण केलेला असतो. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. थोड्या वेळानं फुंकर मारायची, झालं.

मग सैनिकांनाच का तपासायचं? कारण सैनिक हाताशी असतो. त्याची नोंद असते, जंतू मारायची 14 दिवसांची औषधं तो एकही न चुकवता घेईल, आणि महिन्याभरानं जंतू गेला का हे बघायला पुन्हा बोलावलं तर येईल. आपल्यासारखा तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या फडताळात टाकणार नाही.

तैवानची मात्सू बेटंही सीमेवरचीच, 1992 पर्यंत लष्करी अमलाखालची. तिथं 2004 पासून तिशीपुढच्या सगळ्या रहिवाशांची तपासणी केली, उपचार दिले. जठराचा कर्करोग निम्म्याहून खाली आला.

ते जसंच्या तसं इथं आणावं, असं मला वाटत नाही. मात्सूत हा कर्करोग फार होता. आपल्याकडं जंतू उदंड, पण मिझोरामसारखा भाग सोडला तर हा कर्करोग त्यामानानं कमी. शिवाय इथल्या जंतूंना नेहमीची अँटिबायोटिक्स दाद देईनाशी झालीत. सरसकट औषधं वाटली तर तेच आणखी वाढेल. आधी तपासावं ते ज्याच्या बापाला किंवा भावाला जठराचा कर्करोग झाला त्याला, ज्याला अल्सर होऊन गेला त्याला, आणि गुडघ्यांसाठी कायम पेनकिलर खाणाऱ्याला. हा जंतू आणि पेनकिलर एकत्र आले की अल्सरचा धोका वाढतो. गुडघे न दुखणारा निवृत्त फौजी मला तरी अजून भेटलेला नाही.

(ओसरी. भिंतीवर पदकं, गणवेशातला फोटो.)

हे निवृत्त हवालदार. थोरले भाऊ जठराच्या कर्करोगानं गेले. स्वतः रोज सकाळी ‘गॅसची गोळी’ घेतात.

“पोटाला काय होतंय? फौजेत दगडबी पचवलोय आम्ही.”

तीच आम्ल कमी करणारी गोळी तपासणीला आडवी येते. ती चालू असली की जंतू दबून बसतो आणि असूनही तपासणीत ‘नाही’ येतं. म्हणून आधी दोन आठवडे ती बंद ठेवायची, अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

हवालदारांनी विचारलंय. काकी गोळ्यांचं पाकीट देवघराच्या वरच्या फळीवर ठेवतात, त्यांचा हात पोचणार नाही अशा जागी. मग कॅलेंडरवर 14 दिवस मोजून पेनानं गोल करतात.

“अन् माझी कधी करायची?” त्या विचारतात.