गोळीत उतरलेली शक्ती कोणाची?

(दृश्य : काचेची कुपी, थेंब पडताना जवळून)

होमिओपॅथीची गोळी ख्रिस्ती माणसानं घ्यावी का, हा प्रश्न आहे. आधी ते औषध बनतं कसं, ते बघू. एक थेंब मूळ अर्काचा. त्यात ९९ थेंब अल्कोहोल. बूच घट्ट लावायचं आणि कुपी जोरात आपटायची. ही झाली पहिली पोटेन्सी, म्हणजे औषधाच्या शक्तीची पहिली पायरी. आता या मिश्रणातला एक थेंब, परत ९९ थेंब, परत झटके. असं ३० वेळा. बाराव्या टप्प्याच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. हात मात्र थांबत नाहीत. होमिओपॅथीचं म्हणणं असं, की पदार्थ विरत जातो तशी त्यातली शक्ती मोकळी होते.

कुपी कशावर आपटायची, हेही होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी लिहून ठेवलंय : कठीण पण लवचिक वस्तूवर, जसं चामडी बांधणीचं पुस्तक. कोणतं पुस्तक, ते लिहिलेलं नाही.

(दृश्य : जुन्या ग्रंथाची पानं)

हानेमान १७५५ साली जर्मनीतल्या माइसेनमध्ये जन्मले. वडील चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रं काढत. १७९० मध्ये स्कॉटिश डॉक्टर कलन यांच्या औषधग्रंथाचं भाषांतर करताना त्यांनी हिवतापावर दिली जाणारी सिंकोना झाडाची साल स्वतः खाऊन पाहिली, आणि हिवतापासारखी लक्षणं दिसली. जे निरोग्याला त्रास देतं तेच तसल्या रोग्याला बरं करतं, हा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. इथवर कोणत्याही पाळकांनी हरकत घ्यावी असं काही नाही.

हरकत आहे ती त्यांच्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथाला. तो १८१० चा. १८३३ च्या पाचव्या आवृत्तीत हानेमान सांगतात : देह चालवते ती आत्म्यासारखी अदृश्य जीवनशक्ती, आजार म्हणजे तिचा बिघाड, आणि औषधही तिच्यावर आत्म्यासारख्याच बळानं काम करतं. पवित्र शास्त्र वाचणारा इथे अडतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकणारा देव आहे. त्याला हाक मारता येते. झटके देऊन त्याचं सामर्थ्य वाढवता येत नाही. गोळीचा गुण येतो की नाही, हा वाद आम्ही डॉक्टरांवर सोडतो.

ख्रिस्ती मंडळीचं वैद्यकाशी वैर नाही. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत ‘प्रिय वैद्य लूक’ होताच.

(दृश्य : मंगळूर, कंकनाडी)

आणि हेही बघा. मंगळूरच्या कंकनाडीत १८८० मध्ये होमिओपॅथीची औषधं द्यायला सुरुवात केली ती जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका धर्मगुरूंनी, फादर ऑगस्टस म्युलर यांनी. त्यांना गोळीत परकं काही दिसलं नसावं. पुढे २००३ मध्ये न्यू एज, म्हणजे नव्या काळातल्या मिश्र अध्यात्माच्या लाटेविषयीच्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात अ‍ॅक्युपंक्चरसोबत होमिओपॅथीचंही नाव आलं, पण बंदी म्हणून नव्हे. हातांनी ऊर्जा देऊन बरं करण्याचा दावा करणाऱ्या रेकी या जपानी पद्धतीला मात्र अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी २००९ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची दारं बंद केली.

(दृश्य : पांढऱ्या गोळ्यांच्या डब्या)

बाकीचं घराघरात ठरतं. कोणी डबी टाकून देतं, कोणी प्रार्थना करून चार गोळ्या जिभेवर ठेवतं, आणि एखादा या गोंधळात डॉक्टरांचा चालू उपचारही सोडून बसतो.