परिपाठाच्या रांगेतलं एकटं मूल

मित्रहो,

सरकारी शाळेत धर्माला किती जागा असावी, हा प्रश्न आपल्याकडे एक तर मोर्चातून पुढे येतो, नाही तर टीव्हीवरच्या भांडणातून. मला तो आज परिपाठाच्या रांगेत जाऊन बघायचा आहे. घंटा होते, मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात, हातभर अंतर घेतात. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, मग ‘हात जोडा, डोळे मिटा’. आता त्या रांगेत एखादी मुलगी हात जोडत नसेल, तर ते आधी शेजारणीच्या लक्षात येतं, मग बाईंच्या, आणि मग मुख्याध्यापकांकडून बोलावणं येतं. राज्यघटना तिच्या बाजूनं बोलायच्या आत एवढं सगळं होऊन गेलेलं असतं.

घटना काय म्हणते? कलम 28. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथं धार्मिक शिक्षण देता येत नाही. एखाद्या धर्मादाय न्यासानं त्याच हेतूनं काढलेली, पण सरकार चालवत असलेली संस्था एवढाच त्याला अपवाद. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते देता येतं, पण तिथंही कुणाला त्या शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. स्वतःची संमती हवी, आणि मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकांची. म्हणजे आधी विचारायचं आणि मग बसवायचं. आता इथं बसलेल्या पालकांनी आठवून बघावं, प्रवेशाच्या वेळी तुम्हाला हे कुणी विचारलं होतं का?

संविधान सभेत 7 डिसेंबर 1948 रोजी या कलमावर चर्चा झाली. धार्मिक शिक्षणाला मुभा असावी, असं म्हणणारे सभासदही होते. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना मुंबईचं उदाहरण घेतलं. महापालिकेची एक शाळा धरा, तिथं हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी अशी सगळ्यांची मुलं येणार. पुन्हा हिंदूंमध्येही पंथ किती! प्रत्येकाच्या मुलाला त्याच्या त्याच्या धर्माचं शिक्षण द्यायचं म्हटलं, तर सरकारवर अशक्य ओझं पडेल. कराचा पैसा एका समाजाच्या धर्मासाठी वापरता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. आणि आमचाच मार्ग खरा, असा दावा करणारे धर्म शाळेत समोरासमोर आणले, तर शांतता बिघडेल, हेही स्पष्टपणे मांडलं. त्यांनी धर्माचा कुठंही उपमर्द केलेला नाही. धर्माचा अभ्यास, संशोधन ही वेगळी गोष्ट, हे त्यांनी त्याच भाषणात नोंदवून ठेवलं.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबतो. धर्म वगळून मराठी शिकवताच येणार नाही. ज्ञानेश्वर काढा, तुकाराम काढा, चक्रधरांच्या लीळा काढा, श्रीगोंद्याचे शेख महंमद काढा, 1616 मध्ये गोव्यात छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण काढा, मग उरतं काय? मुलांनी हे सगळं वाचलं पाहिजे, आणि शेजारच्या घरात रोजा का धरतात, बुद्धवंदना कशी होते, हेही त्यांना कळलं पाहिजे. 1964–66 च्या कोठारी शिक्षण आयोगानं हीच वाट दाखवली होती. 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याला आव्हान देणाऱ्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही धर्मांविषयी शिकवायला कलम 28 आड येत नाही, असंच म्हटलं. अभंगाचा अर्थ शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. तोच अभंग हात जोडून म्हणायला लावणं मात्र त्याच्या अधिकारात बसत नाही.

आपल्याच नाशिकला एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नव्हते. गोंधळ नाही, विरोध नाही, नुसते उभे राहायचे. पण त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, की ही सक्ती घटनेत बसत नाही. नोकरीत मुरलेल्या शिक्षकाला एवढ्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागलं, तिथं चौथीतल्या पोराची काय कथा?

केरळातल्या किडंगूरची तीन भावंडं तर मुलंच होती. दहावीत बिजो, नववीत बिनू मोल, पाचवीत बिंदू. यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली, मुलांनी कधी अनादर केलेला नाही असंच त्या चौकशीत निघालं, आणि तरीही जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात ती हरली. 11 ऑगस्ट 1986 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलं, की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगते, घटना ती आचरते. ती पातळ होऊ देऊ नका. तोवर वर्ष उलटून गेलं होतं. पाचवीतल्या मुलीचं एक वर्ष म्हणजे किती असतं, ते शिक्षकांना मी सांगायला नको.

आता समोरची बाजू. ‘हा धर्म नव्हे, संस्कृती आहे,’ असं म्हणणारी माणसं वाईट हेतूनं बोलत नाहीत. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला हळद-कुंकू वाहिलेली पिढी आहे ही. त्यांना त्यात आपली पहिली शाळा दिसते. केंद्रीय विद्यालयांमधल्या ‘असतो मा सद्गमय’ या प्रार्थनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तेव्हा ती सार्वत्रिक सत्य सांगते, हाच सरकारी बाजूचा युक्तिवाद होता, आणि जानेवारी 2019 मध्ये न्यायमूर्ती नरीमन यांनी तो प्रश्न घटनापीठासमोर जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. माझं म्हणणं एवढंच, की ओळी कितीही सुंदर असल्या, तरी त्या उपासना आहेत की नाहीत हे म्हणायला लावणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये. ज्याच्या घरी त्या म्हटल्या जात नाहीत, त्याला विचारा. घरी, देवळात, मशिदीत, विहारात मुलाला काय शिकवायचं, तो हक्क पालकांकडे आहेच, आणि तो कुणी काढून घेत नाही.

‘ज्याला नको त्यानं बाजूला उभं राहावं,’ हेही ऐकतो. पण आठ वर्षांचं मूल सगळ्या शाळेदेखत बाजूला उभं राहत नाही हो. ते मुकाट्यानं हात जोडतं, आणि आपण त्याला संमती समजतो. म्हणून जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळेत परिपाठ असाच हवा, की कुणाला बाजूला व्हायची वेळच येऊ नये: प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, एखादी कविता, बातम्या, दोन मिनिटं शांतता. अनुदानित शाळेला प्रार्थना ठेवायची असेल, तर प्रवेश-अर्जात पालकांच्या संमतीची ओळ घालावी, आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या मुलाला त्या वेळी वाचनालयात किंवा वर्गात बसू द्यावं. त्याच्या नावापुढे कसलीही खूण नको.

शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. बहुतेक बैठकांत पोषण आहार, गणवेश आणि छपराची गळती यांवर बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पुढच्या बैठकीत परिपाठ हा विषयही कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, आणि ज्या घरांचा आवाज तिथं एरवी निघत नाही, त्या आयांना आधी बोलू द्या.