वाऱ्याची नवरी

नमस्कार मंडळी. आज रेडिओवरून 'वाऱ्याची नवरी' हे चित्र दाखवायचंय, म्हणजे जरा उलटाच कारभार, पण डोळे मिटून ऐका, जमेल.

निळी-हिरवट, काळपट वावटळ समजा. त्यात होडीसारखं काहीतरी गरगरतंय आणि आत दोघं पहुडलेत. ती त्याच्या खांद्याला गाल लावून गाढ झोपलीय, तो मात्र टक्क जागा. आणि त्याचे हात, त्यांनी तिला कवेत घेतलेलं नाहीये, स्वतःचीच बोटं एकमेकांत अडकवून, गाठी मारल्यासारखी. रंग इतका जाड थापलाय की अंगाची कातडी सोलल्यासारखी वाटते.

हा जागा माणूस म्हणजे चित्र काढणारा स्वतःच, ऑस्कर कोकोश्का, व्हिएन्नाचा एक्सप्रेशनिस्ट, म्हणजे दिसतं तसं नाही तर मनात उसळतं तसं रंगवणारा चित्रकार. ती आल्मा, संगीतकार गुस्ताव माहलरची बायको होती, तो 1911 मध्ये गेला. 1912 मध्ये हे दोघं भेटले तेव्हा हा 26 वर्षांचा, ती 32 ची, आणि पोरगं असं पेटलं की जवळपास 400 पत्रं लिहिली. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची म्हणे, आधी मास्टरपीस काढ, मग बघू. काढलं की त्याने! सहा फूट उंच, सव्वासात फूट रुंद, 1914 पर्यंत पूर्ण. जर्मन नाव 'विंड्सब्राउट', शब्दशः वाऱ्याची नवरी, आणि तिकडे वावटळीलाही हाच शब्द. नवरी काही घरात आली नाही.

मला विचाराल तर चित्र काढतानाच त्याला कळलं होतं. नाहीतर झोपलेल्या बाईशेजारी कोण एवढा ताठ पडून राहील?

मग पहिलं महायुद्ध लागलं. पठ्ठ्याने हेच चित्र हॅम्बुर्गच्या एका औषधवाल्याला विकलं, त्या पैशातून घोडा घेतला आणि घोडदळात भरती झाला. ऑगस्ट 1915 मध्ये आल्माने वास्तुविशारद ग्रोपियसशी लग्न केलं, आणि त्याच महिन्यात पूर्व आघाडीवर याच्या डोक्यात गोळी घुसली, वर छातीत संगीन. वाचला तरी!

चित्राचे हालही कमी नाहीत. पुढे ते हॅम्बुर्गच्या म्युझियममध्ये गेलं, तिथून 1937 मध्ये नाझींनी 'विकृत कला' म्हणून उचललं, 1939 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या म्युझियमने विकत घेतलं, आज तिथेच आहे.

आणि हो, 1918-19 मध्ये कोकोश्काने आल्माच्या मापाची बाहुली करवून घेतली होती. आली ती अस्वलासारखी केसाळ. तिचीही चित्रं काढली, मग एका पार्टीत तिचं मुंडकंच उडवलं.