प्रभाग रचनेवरची तुमची हरकत का फेटाळली जाते?

नमस्कार मंडळी. आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. जानेवारी 2026 ला महापालिकेच्या निवडणुका होऊन गेल्या, तरी कमेंटमध्ये प्रश्न तोच. "ताई, आमची गल्ली शेजारच्या प्रभागात कशी काय गेली?" त्यात आता 2027 ची जनगणना येतेय. म्हणजे त्यानंतरच्या प्रभागांच्या रेघा नव्या आकड्यांवर पडणार. म्हटलं, आत्ताच बोलून टाकू.

सुरुवातीचं भराभर घेते. प्रभाग रचना (नगरसेवक निवडायला शहराचे तुकडे पाडणं), आरक्षण सोडत (कुठली जागा कोणासाठी राखीव, याच्या चिठ्ठ्या) आणि मतदार यादी ही तीन वेगवेगळी कामं आहेत. पालिका प्रभागांचं प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा काढते, लोकांकडून हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, आणि शेवटची मंजुरी राज्य निवडणूक आयोगाची. यादीत नाव नाही म्हणून इथे अर्ज देऊ नका, त्याची खिडकी वेगळी. झालं.

आता मेख. प्रभाग पाडताना मतदार मोजत नाहीत, माणसं मोजतात. तान्ह्या बाळासकट. आणि तीही 2011 च्या जनगणनेतली.

मुंबईचं उदाहरण घ्या. 2011 ला लोकसंख्या 1,24,42,373. नगरसेवक 227. (मध्ये 2021 ला 236 करायचं ठरलं होतं, 2022 ला पुन्हा 227 वर आलं. त्यावरून माझ्याशी भांडू नका, मी फक्त आकडे सांगतेय.) भागाकार केला की एका प्रभागाला साधारण 54,812 माणसं. यात दहा टक्के वरखाली चालतं. म्हणजे 49,331 ते 60,293 च्या मधे बसलं की प्रभाग नियमात. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक. तुमच्याकडे एका प्रभागात चार नगरसेवकांचं पॅनेल असेल तर तुमच्या शहराच्या दर नगरसेवकामागच्या सरासरीला चारने गुणा.

या हिशेबात मतदार कुठे आला? कुठेच नाही.

मी हे स्वतः तोंडावर आपटून शिकलेय. 2016 ला, 2017 च्या निवडणुकीआधी, मी मोठ्या आवेशात हरकत दिली होती. तीन रात्री जागून मतदार याद्यांमधली नावं मोजली, वहीत तक्ते काढले. सुनावणीला सकाळी दहाला बोलावलं, नंबर लागला पावणेतीनला. साहेबांनी माझी वही उघडलीच नाही. म्हणाले, "प्रगणक गट कुठला हलवायचा म्हणता?" मी म्हटलं, "म्हणजे?" पुढचा नंबर पुकारला. दीड मिनिट, फार तर.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला वाटून दिलेला तुकडा, साधारण सहा-सातशे माणसांचा. प्रभाग या विटांनी बांधतात आणि वीट शक्यतो फोडत नाहीत. तेव्हा "आमची बिल्डिंग तिकडे टाका" असं म्हणून भागत नाही. अख्खा गट उचलावा लागतो. बरं, उचलला की इकडचा प्रभाग तेवढ्याने हलका आणि तिकडचा जड. दोन्ही दहा टक्क्यांच्या आत राहतात हे तुम्ही दाखवायचं. साहेब तुमच्यासाठी वजाबाकी करत बसणार नाहीत.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलंय, "आमच्या सोसायटीतच तीन हजार मतदार आहेत, तरी आम्हाला विचारत नाहीत." दादा, तुमची सोसायटी कधी उभी राहिली? 2015 ला ना? मग 2011 ला तिथे काय होतं? ऊस. हिशेबात अजून ऊसच उभा आहे. तुमचे बावीस मजले त्या कागदावर नाहीतच. राग येणं बरोबर आहे, मलाही येतो. दोन प्रभाग कागदावर सारखे आणि प्रत्यक्षात एकाकडे दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मतदार, असं यामुळेच होतं. पण ते दुखणं जुन्या जनगणनेचं, रेघ ओढणाऱ्याचं नाही. सुनावणीत ते मांडून काही हाती लागत नाही.

आणि ते "आमचा 7 नंबरचा 11 झाला, हे कारस्थान आहे" वाले! अहो, क्रमांक उत्तरेकडून द्यायला सुरुवात करतात आणि दक्षिणेत संपवतात. वरच्या बाजूला एक प्रभाग वाढला की खाली सगळ्यांचे नंबर सरकतात. कारस्थान शोधायचं तर सीमेत शोधा, आकड्यात नको. (मला या पक्षाचे लोक त्या पक्षाची समजतात आणि ते यांची. चालू द्या.)

लोकसभेचं विचारणाऱ्यांनो, ते काम मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या केंद्राच्या परिसीमन आयोगाचं, इथे हरकत चालत नाही. सध्याच्या रेघा 2008 च्या आदेशाच्या, 2001 च्या जनगणनेवर. त्यातच मावळ मतदारसंघ असा पडला की पिंपरी-चिंचवड घाटावर, पनवेल-उरण घाटाखाली, आणि खासदार एक. त्यावर वेगळा व्हिडिओ करते.

मग टिकणारी हरकत कशी असते? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी 2025 ला दिलेली सांगते. प्रारूपात सीमा नाल्यावरून यायची ती अचानक वळून नाल्यापलीकडची एक वस्ती इकडे ओढत होती. नाल्यावर पूल नाही, पलीकडे जायचं तर रेल्वे फाटकावरून वळसा. नदी, नाले, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांवरून सीमा न्याव्यात असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. काकूंनी एवढंच लिहिलं: अमुक दोन गट तिकडे द्या, गेल्यावर या प्रभागाची लोकसंख्या इतकी, त्या प्रभागाची इतकी, दोन्ही मर्यादेत, सीमा नाल्यावरून. सोबत प्रारूप नकाशाची झेरॉक्स आणि त्यावर लाल पेनाने एक रेघ.

मतदारांचा आकडा? एकही नाही. "अन्याय" हा शब्दसुद्धा नाही. मी म्हटलं, काकू, थोडं कडक लिहा की. त्या म्हणाल्या, "अगं, मी चाळीस वर्षं बँकेत कॅश सांभाळली. टॅली झाली की कडक बोलायची गरज पडत नाही."

अंतिम नकाशात सीमा नाल्यावर आलेली आहे. काकूंना कळवायला गेले तर त्या पापड लाटत होत्या, म्हणाल्या, "बघितलं मी. पण दक्षिण बाजूच्या वर्णनात रस्त्याचं नाव चुकवलंय त्यांनी."