दहापैकी किती?

(अमळनेर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रमैत्रिणींनो, व्यासपीठावरचा हा सुंदर सोफा मला नाकारावा लागला, त्याबद्दल प्रथम संयोजकांची क्षमा मागते. पाहुण्याला सर्वांत मऊ आसन द्यावे ही आपल्याकडची रीत आहे. परंतु जिच्या पाठीत छातीच्या मध्यापासून कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत पोलादी सळई बसवलेली आहे, तिच्यासाठी असा सोफा म्हणजे चिखलात रुतलेली बैलगाडी असते. आत जाणे सोपे असते, बाहेर काढायला चार माणसे लागतात. हा लाकडी स्टूल उत्तम आहे. मी थोडा वेळ बसेन, थोडा वेळ उभी राहीन, मध्येच दोन पावले चालेन; त्याला वक्तृत्वाची शैली समजू नये.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘रॉडसह जगण्याची दहा सूत्रे’ असा. सूत्रे मी सांगणार आहे. पाठीत, मांडीत किंवा खुब्यात रॉड असलेले किती जण येथे आहेत हे पाहण्यासाठी हात वर करायला मात्र सांगणार नाही, कारण काहींचा हात वर होत नसेल.

माझी सळई १९८० सालची आहे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि नववीत शिकत होते. दिवाळीचे पोलके शिवताना शिंप्याने आईला सांगितले की पोरीचा एक खांदा वर आहे, त्यामुळे माप जुळत नाही. पुढे क्ष-किरण चित्रात कणा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसला आणि बाकाचा कोन बावन्न अंश भरला. अशा वाढत्या वयातल्या बाकाचे कारण बहुतेक वेळा सापडत नाही. वह्यांचे दप्तर, वाकून केलेली कामे किंवा आईचे दुर्लक्ष यांपैकी कशामुळेही तो होत नाही. माझ्या आईला हे कोणीच सांगितले नाही आणि ती शेवटपर्यंत स्वतःला दोष देत राहिली, म्हणून येथे मुद्दाम सांगते.

त्या काळी यावर उपाय होता तो हॅरिंग्टन सळईचा. पॉल हॅरिंग्टन हे अमेरिकेत ह्यूस्टन येथे अस्थिशल्यविशारद होते. पोलिओमुळे कणा वाकलेली मुले त्यांच्याकडे येत, त्यांच्यासाठी १९५० नंतरच्या दशकात त्यांनी ही सळई घडवली आणि १९६२ मध्ये तिची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे तत्त्व ट्रकखाली लावण्याच्या जॅकसारखे आहे. वर एक आकडा, खाली एक आकडा, दोन्ही मणक्यांत अडकवायचे आणि मधली दातेरी दांडी एकेक दाता पुढे सरकवत कणा ताणायचा. खुब्याच्या हाडाचे तुकडे काढून मणक्यांवर पसरायचे, म्हणजे काही महिन्यांत ते सगळे मणके मिळून एकच हाड होते. सळईचे खरे काम तेवढ्या मुदतीपुरतेच असते. हाड जुळले की ती पेन्शनवर जाते, पण घर सोडत नाही.

मुंबईला फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली आणि काखेपासून कमरेखालपर्यंत प्लॅस्टरचे जाकीट चढवून मला आगगाडीने घरी आणले. ते जाकीट ऑक्टोबरपर्यंत होते. म्हणजे त्यात आपल्या खानदेशातला संपूर्ण उन्हाळा आला. पारा पंचेचाळीसला टेकलेला, वीज गेलेली, आणि अंगावर चुन्याच्या भिंतीसारखे कवच! त्या दिवसांत पाठ दुखली असे मला आठवत नाही. आठवते ती खाज. काहीही आत घालायचे नाही, जखम होईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आजीने ते ऐकले आणि दुपारी सगळे झोपल्यावर वाळलेल्या पऱ्हाटीची एक बारीक काडी साल सोलून, तेल लावून, पाठीकडच्या फटीतून सरकवली. तेवढे सुख मला नंतर कोणत्याही औषधाने दिलेले नाही. ही शिफारस नव्हे. डॉक्टरच बरोबर होते, आणि पुढे त्या जागी चिघळलेही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या सगळ्या मुली झोक्यावर होत्या आणि मी ओसरीवर लाकडी फळीसारखी टेकून उभी होते. एका लहान मुलीने येऊन माझ्या पोटावर टकटक केली आणि विचारले, “ताई, आत कोन शे?”

ही गोष्ट मी जरा लांबवली, कारण लोकांना वाटते की दुखणे तेव्हाचे आहे. तसे नाही. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे मी सळई जवळजवळ विसरले होते. लग्न झाले, दोन मुले झाली, गणित शिकवले, उन्हाळ्यात पापड-कुरडया केल्या. अडतिसाव्या वर्षी दुखणे सुरू झाले आणि पंचेचाळिशीत फळ्यासमोर उभी असताना मी पुढे झुकू लागले. मुलांना वाटे, बाई पडलेला खडू शोधत आहेत.

कारण त्या जॅकमध्येच होते. कमरेला निसर्गतः आत जाणारा एक बाक असतो आणि त्याच्या जोरावर आपण फारसे श्रम न करता ताठ उभे राहतो. सरळ सळईने ताणताना माझा वाईट बाक कमी झाला, तसा हा चांगला बाकही पुसला गेला. याला सपाट पाठ म्हणतात. असा माणूस उभा राहिला की तोल पुढे जातो. तो सावरण्यासाठी गुडघे किंचित वाकवावे लागतात आणि पाठीचे, कुल्ल्यांचे, मांड्यांचे स्नायू दिवसभर दोरखंडासारखे ताणलेले राहतात. शिवाय कमरेच्या पाच मणक्यांपैकी चार जखडलेले असले की वाकण्या-वळण्याचा सगळा भार खाली उरलेल्या दोन चकत्यांवर पडतो. एकत्र कुटुंबात सगळे हात वर करून बसले की दोन सुनांचे जे होते, तेच त्यांचे होते. पुढे फ्रान्समधील कोत्रेल आणि द्युबुसे यांनी १९८० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी पकडणारी आणि बाकानुसार वळवता येणारी सळई आणली, आणि आज मणक्यांत स्क्रू बसवून सळई धरताना हा बाक राखण्याची काळजी घेतली जाते. म्हणून आज ज्यांच्या मुलीची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी माझ्याकडे पाहून घाबरू नये. मी जुने मॉडेल आहे.

आता मला जे खरे सांगायचे आहे त्याकडे येते. अशा दुखण्यासाठी दवाखान्यात गेले की एक प्रश्न ठरलेला असतो: “दहापैकी किती दुखते?” शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना. मी पस्तीस वर्षे गणित शिकवले असल्यामुळे या मोजपट्टीने माझी झोप उडाली. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट का? शून्य कोठे आहे? माझे शून्य हरवून वीस वर्षे झाली. पहिल्या खेपेला मी “सात” म्हणाले, त्याचे कारण सांगते. पाच म्हटले तर मलम देतात आणि नऊ म्हटले तर, बाई हसत बोलत आहेत आणि नऊ कसे, असा चेहरा करतात. सात हा अब्रूदार आकडा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा सात म्हणाले, आणि कागदावर नोंद झाली की काहीही फरक नाही. वास्तविक फरक जमीन-अस्मानाचा होता. आधी रात्री ठणका लागत असे. आता रात्र बरी जात होती, पण ओट्याशी दहा मिनिटे उभी राहिले की पाठ भरून येत होती आणि डाव्या पिंढरीत मुंग्या येत होत्या. हे सगळे त्या सातमध्ये बुडून गेले.

त्याच दिवशी माझ्यानंतर साक्रीकडच्या एक आजी आत गेल्या. दार उघडेच होते. तरुण डॉक्टरांनी त्यांनाही हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून आकडा विचारला. आजी शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, आकडा मटकाना ऱ्हास, पाठना नही.” बाहेरच्या बाकावरचे सगळे हसले. परंतु आजी विनोद करत नव्हत्या. त्या पुढे म्हणाल्या, “सकायले पाठ लाकूड व्हई जास, आनि रातले पायमा मुंग्या चालतस.” डॉक्टर आपल्या भागातले नव्हते, परिचारिकेने अहिराणीचा अर्थ सांगितला: सकाळी पाठ लाकूड होऊन जाते आणि रात्री पायांत मुंग्या चालतात. त्यांनी पेन खाली ठेवले, आजींना टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, पायाला कापूस लावून पाहिला आणि तपासणीची चिठ्ठी दिली. त्या बाईला एका वाक्याने जे मिळाले, ते मला दोन सातांनी मिळाले नव्हते.

तेव्हापासून माझा असा आग्रह आहे की दुखणे आपण आपल्या भाषेत सांगावे, कारण त्यासाठी आपली भाषा फार नेमकी आहे. पाहा, प्रत्येक वेदनेला वेगळा शब्द आहेच, पण क्रियापदही वेगळे आहे. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, उसण भरते, रग लागते, आग होते, तिडीक उठते, मुंग्या येतात. उसण कधी लागत नाही आणि ठणका कधी भरत नाही. हे सारे शब्द दवाखान्याच्या पायरीवर चपलांबरोबर काढून ठेवून आपण आत जातो आणि “पेन आहे” असे म्हणतो! रग आणि भरून येणे हे थकलेल्या स्नायूचे बोलणे असते. आग, मुंग्या आणि चमक यांमागे अनेकदा नस असते. निदान डॉक्टरांनीच करायचे, पण साक्ष आपण द्यायची असते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी रुग्णांचे असेच शब्द गोळा करून १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांत लावलेली प्रश्नावली तयार केली. मेलझॅक तेच, ज्यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह १९६५ मध्ये असे मांडले की पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूतच वेदनेचे एक दार आहे आणि स्पर्शाच्या संवेदनांनी ते अर्धवट लोटता येते. ठेचकाळलेले बोट आपण दाबून धरतो आणि आजी कंबर चोळून देते, ते याच कारणाने उपयोगी पडते.

आकडा अगदीच टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन-चार दिवसांत, सकाळी दुखणे दहापैकी आठ होते आणि संध्याकाळी चारवर आले, हे परिचारिकेला समजणे आवश्यक असते. परंतु वीस वर्षांच्या दुखण्याला तो आकडा पुरत नाही. जगभरच्या वेदना-अभ्यासकांच्या संघटनेने वेदनेची व्याख्या केली, तीत वेदना हा संवेदनेबरोबर भावनेचाही अनुभव मानला आहे, आणि २०२० मध्ये ती सुधारताना माणूस स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखावा, असेही नमूद केले आहे. हे वाक्य मी आमच्या घरातल्या मंडळींना वाचून दाखवले. कानबाईच्या रोटाच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या सणाच्या, आदल्या दिवशीच वाचल्यामुळे त्याचा थोडा गैरअर्थ घेतला गेला, पण दळणाचा डबा त्या वर्षी दुसऱ्याने उचलला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे. हा सात मात्र नेमका आहे. तेव्हा दहा सूत्रांपैकी जी बसतील ती सांगते.

एक वही करा. तीत तीनच गोष्टी लिहा: दुखण्याचा शब्द, वेळ आणि त्या वेळी काय करत होता. पंधरा दिवसांची पाने घेऊन डॉक्टरांकडे जा. माझ्या वहीत “उभी असताना” हे शब्द इतक्या वेळा आले की बाजूने उभ्याने काढलेले संपूर्ण कण्याचे चित्र मागवले गेले आणि सपाट पाठीचे निदान तेथेच झाले. आडवे झोपवून काढलेल्या चित्रात माझा तोल दिसणे शक्यच नव्हते. एमआरआयच्या वेळी पोलादी सळई आहे हे आधी सांगा. तिच्यामुळे आसपासचे चित्र काळवंडते. सळई काढून टाका असा हट्ट धरू नका. बहुतेकांचे दुखणे तिच्यात नसून तिच्या खाली, आसपास किंवा संवेदनशील झालेल्या नसांच्या यंत्रणेत असते.

काम दुखेपर्यंत करू नका, घड्याळावर करा. मला उभ्याने दहा मिनिटे झेपतात, म्हणून मी आठव्या मिनिटाला बसते, दुखत नसले तरी. बरा दिवस आला म्हणून पाच किलोचे पापड लाटायला बसणाऱ्या बायका पुढचे चार दिवस अंथरुणावर काढतात. मीही काढले आहेत. ओट्याखाली एक पाट ठेवून आळीपाळीने एक पाय त्यावर ठेवा, लांब दांड्याचा झाडू घ्या, जमिनीवर मांडी घालण्याचा मोह पंगतीतही टाळा. खुब्यापुढचे स्नायू सैल करण्याचे आणि कुल्ल्यांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका; जखडलेला भाग वाकवू पाहणारी आसने कोणाच्याही आग्रहाने करू नका. रोज चाला. वेदनाशामक गोळ्या दुकानातून स्वतः आणून महिनोन्महिने घेऊ नका, त्यांचे बिल मूत्रपिंड आणि जठर भरतात.

आणि हे शेवटचे, वहीत लिहीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याचे: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा येणे, पायातली ताकद अचानक कमी होणे. ताप आणि पाठदुखी एकत्र आली, किंवा पाठीत कट् असा आवाज होऊन नवे दुखणे सुरू झाले, तरीही थांबू नका. हाड नीट जुळले नसेल तर वर्षांनंतरही सळई तुटते.

मोजले तर सूत्रे दहा भरणार नाहीत. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारावेत. मी त्या मागच्या खांबाला टेकून असेन. गेली चाळीस मिनिटे मी आठव्या मिनिटाचा नियम पाळलेला नाही. त्याची नोंद उद्या सकाळी वहीत करेन, आणि शब्द बहुधा ‘लाकूड’ हाच असेल.