११ ते ३ : दादरमधलं एक भरतकामाचं दुकान

[दादर पश्चिम, सकाळ. पुलावरून उतरणारी गर्दी. आवाज तसाच राहू दे.]

दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल या दोन्ही लाइनी भेटतात, त्यामुळे विरारची बाई आणि बदलापूरची बाई एकाच काउंटरला उभी राहून एकाच लाल लडीवर हात ठेवते, अशी मुंबईत जी मोजकी ठिकाणं आहेत त्यातलं हे एक. स्टेशनातून बाहेर पडलं की फुलवाले, मग भाजी, मग रानडे रोडकडे वळणारी गर्दी, आणि त्याच बाजूच्या एका गल्लीत हे दुकान आहे. नाव घेऊ नका असं दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलंय, त्यांना सगळे काकू म्हणतात, आपणही काकूच म्हणूया.

दुकान एवढंसं आहे की आत गिऱ्हाईक जातच नाही, फुटपाथवर उभं राहूनच घ्यायचं. पण मागच्या भिंतीवर छतापर्यंत खण आहेत आणि त्यात अँकर आणि डीएमसी या दोऱ्याच्या दोन कंपन्यांच्या लड्या, क्रोशाचे गुंडे, वर्धमानची लोकर, मॅटीचं कापड, लाकडी रिंगा, टिकल्या, मणी, जर, लेस, फॉल, अस्तर, हूक, नाडी, इलॅस्टिक. शिवणाऱ्या बाईला जे जे लागतं ते सगळं, आणि ज्याचं नाव तिला आठवत नाही तेसुद्धा, कारण काकूंना नुसतं हाताने करून दाखवलं तरी कळतं.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला पाहिजे. भरतकामाची एक लडी म्हणजे ८ मीटर दोरा, आणि तो दोरा ६ पदरांचा असतो. बारीक काम असेल तर त्यातले २ पदर सोडवून घ्यायचे, जाड देठ टाका घालायचा तर ३ नाहीतर ४. आणि प्रत्येक रंगाला नंबर. डीएमसीचा काळा ३१०, अँकरचा काळा ४०३. हे नंबर काकूंना तोंडपाठ आहेत आणि हा काही कौतुकाचा किस्सा म्हणून सांगत नाहीये, याच नंबरांवर पुढे दुकान तगलं. पण नुसत्या नंबरांवर भागत नाही. बाई ब्लाउजपीस घेऊन येते, त्यावर लडी ठेवून बघायची, ट्यूबलाइटखाली अगदी मॅच वाटते आणि रस्त्यावर उन्हात नेली की वेगळीच दिसते, म्हणून इथे प्रत्येक गिऱ्हाईक लडी घेऊन दोन पावलं मागे उन्हात जातं, बघतं, परत येतं. पैसे न देता माल घेऊन रस्त्यावर जाऊ देणारं दुकान आहे हे. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

आता हे दुकान कशावर चालायचं? तर लोकलवर. अक्षरशः. सकाळी साडेदहा-अकराला घरचं आवरून आलेल्या बायका, दुपारी शाळा सुटायच्या आधी परत जाणाऱ्या, आणि मग संध्याकाळी सहानंतर ऑफिसवाल्या, ज्यांना फास्ट लोकल पकडायची असते आणि ज्या लांबूनच ओरडून सांगायच्या, काकू कालचाच नंबर द्या दोन. ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हापासून किंवा त्याच्याही आधीपासून लेडीज डब्यात बायका काय काय करत आल्यात, भाजी निवडतात, स्तोत्रं म्हणतात, हळदीकुंकू करतात, आणि विणतात. विरारवरून तास-सव्वा तास बसायला मिळालं तर टोपऱ्याचा अर्धा घेर होतो. एकीने विणायला काढलं की समोरची विचारते कुठून घेतली लोकर, आणि उत्तर असायचं दादर. काकूंनी कधी जाहिरात केली नाही, करायची गरजच नव्हती, त्यांची जाहिरात रोज डब्यातून फिरत होती.

[बंद शटर. जुने फोटो.]

२० मार्च २०२०ला संध्याकाळी शटर ओढलं तेव्हा सरकारने सांगितलं होतं, कोरोनामुळे ३१ तारखेपर्यंत बंद. दोन दिवसांनी लोकल थांबली. २५ तारखेला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभरचा लॉकडाऊन सुरू झाला. इथे व्यापाराचं गणित समजून घ्या, पाडव्यापासून पुढे लग्नसराई, अक्षय्य तृतीया, मे महिना, म्हणजे रुखवताचा सीझन. रुखवतासाठी मुलीची आई, मावशी, आत्या चार-सहा महिने आधीपासून भरत असतात, तोरणं, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, क्रोशाचे रुमाल. त्यासाठी माल मार्चच्या आधी भरून ठेवावा लागतो. काकूंनी भरला होता, उधारीवर. माल आत, दुकान बंद, आणि काकू राहतात डोंबिवलीला, म्हणजे जाऊन बघायचीसुद्धा सोय नाही.

मुंबईची हवा दमट. बंद दुकानात अडीच महिने वारा लागला नाही तर काय होतं, सुयांच्या पाकिटांना आतून गंज चढतो, जर काळी पडते, लोकरीला कसर लागते. जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन', म्हणजे टप्प्याटप्प्याने सगळं उघडणं सुरू झालं, ५ जूनपासून रस्त्याची एक बाजू आज आणि दुसरी बाजू उद्या असं दुकानं उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा पहिला आठवडा विक्रीत नाही, निवडण्यात गेला. कोणती सुई ठेवायची, कोणती टाकायची. काकूंच्या मुलाने बाइकवरून त्यांना डोंबिवलीहून आणलं, कारण लोकल अजून सगळ्यांसाठी नव्हती, १५ जूनपासून सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना. दोरा-सुई अत्यावश्यक नाही. कागदोपत्री नाही.

आणि गंमत बघा, त्याच काळात सगळ्यात जास्त काय मागितलं गेलं असेल तर इलॅस्टिक. एप्रिलच्या सुरुवातीलाच सरकारने सांगितलं होतं की घरी शिवलेला कापडी मास्क वापरा, मग बचतगटांच्या बायकांनी राज्यभर मास्क शिवायला घेतले, घरोघरी जुन्या मशीन बाहेर निघाल्या, आणि पातळ इलॅस्टिक मिळेना. काकूंकडे ते होतं पण भाव वाढवला नाही, एवढं त्या स्वतः सांगत नाहीत, मशीनवाल्या बायका सांगतात. इलॅस्टिक संपल्यावर त्यांनी नाडी दिली, नाडी संपल्यावर साडीच्या काठाची पट्टी कशी कापायची ते दाखवलं. एवढा काळ जे काम टाइमपास म्हणून बाजूला ठेवलं जायचं, त्या कामाच्या बायकांनी त्या दोन-तीन महिन्यांत लोकांच्या तोंडावर कापड बांधलं. हे मी परत परत सांगेन.

[लोकल. लेडीज डबा, दुपार.]

मग आला २१ ऑक्टोबर २०२०. नवरात्र चालू होतं. त्या दिवसापासून बायकांना लोकलने प्रवास करायला परवानगी मिळाली, क्यूआर कोड-बिड काही न दाखवता, नुसत्या तिकिटावर, पण वेळ ठरलेली, सकाळी ११ ते दुपारी ३ आणि मग संध्याकाळी ७ नंतर. कितीतरी धंद्यांना या वेळेचा काही उपयोग नव्हता, ऑफिसला जाणाऱ्या बाईला तर ११ वाजता निघून काय फायदा. पण या दुकानासाठी ११ ते ३ म्हणजे सगळं काही. काकू त्या दिवशी स्वतः लोकलने आल्या, रिकाम्या डब्यात, खिडकीला, आणि शटर वर केलं तर थोड्याच वेळात नालासोपाऱ्याची एक बाई आली. काही घ्यायला नाही. तिच्याकडे मार्चपासून दुकानाचं काम पडून होतं, आरी वर्कचे, म्हणजे आकड्याच्या सुईने भरलेले, चार ब्लाउज, पूर्ण झालेले, ती ते परत द्यायला आली होती.

इथे जरा थांबायला पाहिजे, कारण दुकानाची ही बाजू काउंटरवरून दिसत नाही. काकू नुसतं विकत नाहीत, काम देतात. फॉल-पिको, काज, आरी, क्रोशाच्या कडा. बायका सामान घेऊन जातात, घरी करतात, आठवड्याने आणून देतात, नगावर पैसे. नालासोपारा, दिवा, टिटवाळा, लांब लांबच्या. लोकल बंद म्हणजे या बायकांची कमाई बंद, आणि लोकल चालू झाली तरी काम कुठून येणार? लग्नात ५० माणसं. २०२१च्या एप्रिलमध्ये तर २५ माणसं आणि दोन तासांत लग्न उरका असा नियम आला. २५ माणसांत रुखवत कोण मांडतं, आणि मांडलं तर बघायला कोण. डिझायनर ब्लाउजही नको, फेसबुकवर फोटो टाकण्यापुरतं साधं चालतंय. दुसऱ्या लाटेत दुकान परत बंद, दुसरा पाडवाही बंद शटरमागे गेला. त्या बायकांपैकी काही गावी निघून गेल्या त्या आल्याच नाहीत, एक आता पोळीभाजी केंद्र चालवते, एकीचा नवरा गेला. काकूंच्या वहीत त्यांची नावं अजून आहेत, खोडलेली नाहीत.

१५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस झालेल्यांना लोकल खुली झाली, दुकानंही रात्री १०पर्यंत उघडी ठेवायला मिळाली, आणि पुढे २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्यालाच, राज्यातले उरलेसुरले निर्बंध उठले. अशा गोष्टी सांगताना इथपर्यंत आलं की बहुतेक लोक म्हणतात, मग दुकान ऑनलाइन गेलं आणि पुन्हा जोरात चालायला लागलं. तसं झालं नाही.

त्याच वर्षी कापूस महागला. मे २०२२मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली. कापूस चढला की सूत चढतं आणि सूत चढलं की लडी. काकूंची जुनी गिऱ्हाइकं एकेक रुपयाचा हिशोब ठेवणारी, त्यांना प्रत्येक वेळी सांगत बसायचं की ताई मी नाही वाढवला.

दुसरं म्हणजे संध्याकाळच्या बायकाच कमी झाल्या. सहाची गर्दी येते पण ती आधीची नाही. कुणाचं ऑफिस घरून, कुणी आठवड्यातून दोनदाच येतं, ग्रुप फुटले. डब्यात जी एक जागा धरायची, चौघी समोरासमोर बसायच्या, त्यातली एक मंगळवारी येते आणि दुसरी गुरुवारी. आणि आता बसायला मिळालं की हातात मोबाइल, हेडफोन. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, दमलेल्या बाईने काय बघावं तो तिचा प्रश्न आहे, पण समोरचीचं विणकाम बघून दुकानाचा पत्ता विचारला जाणं कमी झालंय हे खरं आहे आणि त्याचा फटका याच काउंटरला बसतो.

[काउंटर. फोनची बेल. साऊंडबॉक्सचा आवाज.]

मग नवीन काय आलं? व्हॉट्सअ‍ॅप आलं. ते लॉकडाऊनमध्येच सुरू झालेलं, रत्नागिरीची, सावंतवाडीची, नाशिकची गिऱ्हाइकं नंबर पाठवतात, ४०३ चार द्या, ३१० दोन द्या, आणि मुलगा स्पीड पोस्टने पाठवतो. नंबर असेल तर प्रश्नच नाही. पण कुणी साडीचा फोटो पाठवून म्हणतं यावर मॅचिंग द्या, तर काकू सरळ नाही म्हणतात. प्रत्येक फोनवर रंग वेगळा दिसतो, मग लडी गेली, मॅच नाही झाली, परत पाठवली, पोस्टाचा खर्च कुणी द्यायचा. त्याऐवजी त्या सांगतात की साडीच्या आतल्या टोकाचे दोन-चार धागे काढून पाकिटात घालून पाठव, मी उन्हात बघून पाठवते. आणि लोक पाठवतात! पोस्टाने दोन धागे येतात, पोस्टाने लडी जाते. वेळ लागतो, पण परत आलेलं पार्सल मला तरी तिथे दिसलं नाही.

आणि मुली आल्या. कॉलेजच्या, विशीतल्या. लॉकडाऊनमध्ये यूट्यूब बघून क्रोशे शिकलेल्या, ज्यांना मिल्क कॉटन पाहिजे असतं, अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाच्या छोट्या बाहुल्यांसाठी, डोळे पाहिजे असतात, क्रोशाची सूर्यफुलं करून इन्स्टाग्रामवर विकायची असतात. सुरुवातीला काकूंकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या भाषेत क्रोशे म्हणजे बारीक पांढरा दोरा आणि पोनीची स्टीलची सुई. आता खालचा एक अख्खा खण जाड सुतांचा झालाय. या मुलींचा एक प्रॉब्लेम असा की व्हिडिओत सगळं येतं पण चुकलेलं उसवायचं कुठून ते येत नाही. त्या फुटपाथवर उभ्या राहून बॅगेतून अर्धवट काम काढतात आणि काकू चष्मा वर करून बघतात, अगं इथे एक खांब सुटलाय, म्हणून घेर आत ओढतोय. दोन मिनिटांत दाखवून मोकळ्या. याचे पैसे घेत नाहीत, मी म्हटलं घ्या, तर विषयच बदलला.

एकीची आई म्हणत होती एवढ्याशा फुलाचे अडीचशे कोण देणार, त्यावर काकू तिला म्हणाल्या की क्रोशे आजपर्यंत मशीनवर होत नाही, जिथे कुठे खरं क्रोशे दिसेल ते कुणीतरी हातानेच केलेलं आहे, मग भाव सांगताना मुलीने मान खाली का घालायची. मला हे फार आवडलं.

यातल्या दोघी-तिघी आता वहीत आल्यात. जुन्या नावांच्या खाली नवीन नावं, ठाण्याची, मीरा रोडची. लग्नं परत धूमधडाक्यात सुरू झालीत, आरी वर्कचे ब्लाउज मागेल तेवढे आहेत, करणारे हात कमी पडतायत, म्हणून नालासोपाऱ्याची ती बाई, चार ब्लाउज परत आणून देणारी, आता या मुलींना रिंगवर आरी शिकवते, गुरुवारी दुपारी, दुकानाच्या पोटमाळ्यावर, जिथे उभं राहिलं तर डोकं आपटतं. शिकवण्याचे पैसे तिला काकू देतात. हिशोब जमतोय का विचारलं तर म्हणाल्या या दिवाळीनंतर कळेल. भाड्याचा करार पुढच्या वर्षी संपतो, मुलाचं म्हणणं डोंबिवलीलाच गोडाऊन घेऊन फक्त पार्सल करू, काकूंचं म्हणणं की मग उन्हात लडी घेऊन कोण जाणार, आणि दोघांपैकी कुणाचंच चुकीचं नाही.

तोपर्यंत दुकान चालू आहे. वेळ आता सकाळी ११ ते रात्री साडेआठ, आधी रविवार बंद असायचा तो आता सोमवारी केलाय, कारण नोकरीवाल्या बायका रविवारीच मोकळ्या असतात. मॅचिंगला येणार असाल तर फोटो नको, कापड घेऊन या, आणि पावसाळ्यात शक्यतो चारच्या आत या, उजेड असतो.